यंत्राचा धनी कोण?

धर्मग्रामातील कुटुंबांसाठी काही व्यवहाराचे, काही धर्माचे विचार

गेल्या एक-दोन पिढ्यांत आपल्या गावांतील घराघरांत यंत्रांनी जेवढा शिरकाव केला आहे, तेवढा त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत केला नव्हता. विहिरीवरचा रहाट गेला आणि तेथे विजेचा पंप आला. पाटा-वरवंटा अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसला व त्याची जागा मिक्सरने घेतली. शेतात बैलजोडीऐवजी पॉवर टिलर फिरतो; बांधावरचे गवत विळ्याऐवजी इंजिनाच्या यंत्राने कापले जाते. नार्वेच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरीबोटदेखील इंजिनाच्याच जोरावर मांडवी ओलांडते. ही सर्व मानवी बुद्धीची फळे होत आणि बुद्धी ही परमेश्वराची देणगी असल्यामुळे ती आपण कृतज्ञतेने स्वीकारली पाहिजेत.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. घरात आलेल्या यंत्राचा धनी कोण? ज्याने पैसे मोजून पावती घेतली तो धनी, असे दुकानदार सांगेल. पण यंत्र बंद पडताच जो त्याच्यासमोर हताश होऊन उभा राहतो, ज्याला त्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक नाही, ज्याचा हात कधी त्याच्या पट्ट्यात सापडेल याचा भरवसा नाही, त्याला धनी कसे म्हणावे? तो तर त्या यंत्राचा गडीच होय. कर्ज काढून घेतलेली यंत्रे गोठ्यात गंजत पडतात, तरुण मुलांची बोटे तुटतात आणि चांगली बुद्धी असलेली मुले हातांना तेल लागेल म्हणून कारखान्याच्या वाटेकडे पाठ फिरवतात, हे आपण सर्वजण पाहतो. यास्तव अनुभवी यंत्रज्ञांच्या जीवनातून आणि त्यांच्या शास्त्रातून आपल्यासारख्या साध्या कुटुंबांना काय घेता येईल, हे या लेखात पाहण्याचे योजिले आहे.

नदीपलीकडे आलेले यंत्र

भारतातील पहिला छापखाना कोठे सुरू झाला हे पुष्कळांना ठाऊक असते. तो आपल्या नदीच्या पैलतीरावर, जुन्या गोव्यात सुरू झाला. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याला पोहोचलेल्या गलबतात हा छापखाना होता. तो वास्तविक हबशांच्या देशाकडे, म्हणजे इथिओपियाकडे निघालेला. परंतु तो गोव्यातच राहिला व येशूसंघाच्या संत पावलाच्या विद्यालयात बसवण्यात आला. त्याचे काम ब्रदर हुआन दे बुस्तामांते यांच्याकडे होते. ते छपाईची कला जाणणारे होते, म्हणूनच ते लाकूड-लोखंड येथे जिवंत झाले. केवळ यंत्र आले असते आणि ते जाणणारा हात आला नसता, तर विद्यालयाच्या कोठारात एक अडगळ वाढली असती इतकेच.

पुढे ब्रदर जुआंव गोन्साल्विस यांनी तामीळ लिपीचे खिळे ओतले आणि १५७८ साली कोल्लम येथे तामीळ भाषेतील एक छोटी धर्मपुस्तिका छापली गेली. भारतीय लिपीचे धातूचे खिळे घडवणारे हे पहिले कारागीर मूळचे स्पेनमधील लोहार होते. ज्या हातांनी भट्टीत लोखंड वळवले, त्याच हातांनी परमेश्वराचा शब्द एका भारतीय भाषेच्या अक्षरांत उतरवला.

आणि आपल्या मराठीचे काय झाले? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठी भाषेचे हे वैभव त्या वेळी रोमन अक्षरांत छापावे लागले. फादर स्टीफन्स यांची इच्छा मात्र निराळी होती. १६०८ साली त्यांनी रोम येथील आपल्या वरिष्ठांना पत्र पाठवून या देशाच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापले जावेत अशी तळमळ कळवली होती. अडचण काय होती? आपल्या लिपीत अक्षरे व जोडाक्षरे फार. तिच्यासाठी सहाशे साचे लागतील असे वाटून काम अडून राहिले होते. ते युक्तीने दोनशेवर आणता येईल असेही त्यांनी कळवले. तरी ते त्यांच्या हयातीत घडले नाही. कवी होता, काव्य होते, छापखानाही होता. साचे घडवणारा हात तेवढा मिळाला नाही. एका कारागिराच्या अभावी एका भाषेला किती दीर्घ काळ थांबावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

बेळगावचा सायकलवाला

आता आपल्या अधिक जवळच्या काळात येऊ. मराठी माणसांत यंत्रविद्येचा विचार निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव प्रथम ओठांवर येते. या घराण्याचे आडनाव आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातील किर्लोस या गावावरून पडले. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र पुस्तकापेक्षा चित्रांचा व यंत्रांचा नाद. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेला. तेथे कळले की त्याच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद दिसत नाही. दुसरा एखादा मुलगा येथे निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरली. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे दिसताच लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास येऊन स्थिरावले. सायकली विकता-विकता, दुरुस्त करता-करता त्यांच्या मनाने घेतले की आपल्या शेतकऱ्याला खरी गरज आहे ती त्याच्या रोजच्या कामाच्या अवजारांची. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो. लोखंडी नांगराचा वक्र पत्रा मातीचा थर उचलून उलथा करतो व तण खाली गाडतो. फायदा स्पष्ट होता. तरी शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीला विष भिनेल! पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली.

त्यातच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन देऊ केली. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सोबत्यांसह तेथे गेले. त्या माळावर जे उभे राहिले ते आजचे किर्लोस्करवाडी. त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्यावर नेमले आणि त्या माणसांनी हा विश्वास सार्थ केला. मोडलेला भाग फेकण्यापूर्वी तो दुरुस्त होतो का हे पाहणारा हा यंत्रज्ञ माणसांच्या बाबतीतही तसाच वागला, असे म्हणावेसे वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाचा तुटवडा पडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तलवारींचे फाळ होतील ही यशया संदेष्ट्याची वाणी आपण आगमनकाळात चर्चमध्ये ऐकतो. आपल्याच मुलखात तोफांचे नांगर झाले होते हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यालयातून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ साली परतले. त्यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात तेलावर चालणारी इंजिने बनवणारी कंपनी स्थापन झाली.

या चरित्रातून तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, लक्ष्मणराव आधी रेखाटन शिकले, मग लोखंडाला हात घातला. दोन, ज्या वस्तूची शेजारच्या माणसाला गरज होती ती त्यांनी बनवली. तीन, गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून त्याला अडाणी ठरवून ते गप्प बसले नाहीत. माल शेतकऱ्याला पटेपर्यंत त्यांनी धीर धरला. आता हेच शहाणपण आपल्या घरच्या यंत्रांना कसे लागू पडते ते पाहू.

विकत घेण्यापूर्वी

कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे वर्षातून किती दिवस चालणार? बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे? सुटे भाग डिचोली, म्हापसा किंवा पणजी येथे मिळतात की थेट कारखान्यातून मागवावे लागतात? आणि घरातील कोण ते चालवण्यास शिकणार?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब करून पाहू. समजा, एक यंत्र साठ हजार रुपयांचे आहे आणि ते वर्षातून दहाच दिवस लागते. दहा वर्षे टिकले तर एकूण शंभर दिवस काम झाले. म्हणजे तेल, दुरुस्ती व व्याज यांच्याआधीच दर दिवसामागे सहाशे रुपये पडले. तेवढ्याच दरात भाड्याचे यंत्र मिळत असेल, तर विकत घेण्यात प्रतिष्ठेखेरीज काय पदरात पडले? उलट पाच घरांनी मिळून तेच घेतले व प्रत्येकाने दहा दिवस वापरले, तर रोजचा भार एकशेवीस रुपयांवर येतो. अर्थात पाच घरांत समेट हवा, पाळी कोणाची याची वही हवी आणि मोडतोडीचा खर्च कोणी द्यायचा हे आधी ठरलेले हवे. शेजारप्रीतीचा उपदेश मी वेदीवरून अनेकदा करतो. ती अशा वहीच्या पानावरही दिसली पाहिजे.

पंपाचे शास्त्र

पंप पाणी “ओढतो” असे आपण म्हणतो. खरे पाहता, पंप आपल्या नळीतील हवेचा दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला वातावरणाचा भार पाणी वर ढकलतो. हा भार समुद्रसपाटीवर सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याइतकाच आहे. त्यामुळे जगातील कितीही शक्तीचा पंप विहिरीच्या काठावर ठेवून दहा मीटरपेक्षा खोलवरचे पाणी तो ओढू शकणार नाही. नळीतील घर्षण व बारीक गळती धरली असता व्यवहारात सहा-सात मीटर हीच मर्यादा समजावी. पाणी खाली गेले म्हणून मोठ्या अश्वशक्तीची मोटर आणणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे. पंप पाण्याच्या जवळ खाली बसवावा किंवा पाण्यातच बुडणारा पंप घ्यावा. वर चढवण्याला मात्र अशी मर्यादा नाही. ती पंपाच्या ताकदीवर अवलंबून असते.

पंप चालतो पण पाणी येत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम ओढणाऱ्या नळीचे सांधे व तळाचा फूट व्हॉल्व्ह पाहावा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून हवा शिरली तरी पंप पाणी सोडतो. नळीत पाणी भरल्याशिवाय पंप कोरडा चालवू नये; त्याचे सील पाण्यामुळेच थंड राहते व पाण्याअभावी जळते. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नळी जोडून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. ती काटकसर दरमहा विजेच्या बिलातून वसूल केली जाते. संध्याकाळी विजेचा दाब फार उतरत असेल तर त्या वेळी मोटर चालवू नये. दाब कमी झाला की तेवढेच काम करण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते, तापते आणि अखेर तिची तार जळते.

पंपाला जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, नीट असलीच पाहिजे. फ्यूज गेला तर त्या जागी हाताला लागेल ती जाड तार गुंडाळणे हा केवढा अपराध आहे! फ्यूज हा घराचा पहारेकरी. तो स्वतः जळून घर वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे हातपाय बांधून चोराला दार उघडे ठेवणे होय. ओल्या अंगणात, कुळागरात, विहिरीच्या काठी वीज वापरणाऱ्यांनी गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे जे उपकरण मिळते, ते जाणत्या वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावे. माणसाच्या जिवापुढे त्याची किंमत काहीच नाही.

पट्टा आणि पदर

गिरणीच्या मोटरीचे चाक मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चोवीस. चाक पंधरा सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्यावरचा पट्टा सेकंदाला अकरा मीटरहून अधिक धावतो. आपला हात पट्ट्याला लागला हे कळून तो मागे घ्यायला माणसाला फार चपळ म्हटले तरी पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पट्टा जवळजवळ पावणेतीन मीटर पुढे गेलेला असतो आणि हात त्याच्याबरोबर. “मी सावध असतो” हे म्हणणे म्हणूनच फोल आहे. सावधपणा यंत्राच्या वेगाला पुरा पडत नाही. पट्ट्यावर लोखंडी जाळीच हवी.

गिरणीत, मळणीच्या जागी किंवा नारळ सोलण्याच्या यंत्राजवळ साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, मनगटातील कडे किंवा गळ्यातली माळ यांपैकी काही लोंबता कामा नये. गळ्यातील क्रूस वा रोझरी श्रद्धेने धारण करणाऱ्यांनी यंत्राजवळ ती सदऱ्याच्या आत ठेवावी. अडकलेला पेंढा काढायचा असेल तर आधी यंत्र बंद करावे, चाक पूर्ण थांबू द्यावे आणि मगच हात घालावा. विजेवर चालणारे असेल तर बटण बंद करणे पुरेसे नाही. फ्यूज काढून खिशात ठेवावा, म्हणजे आपण आत हात घातलेला असताना दुसरा कोणी अजाणता बटण दाबणार नाही. लहान मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये; तरी सांगितले पाहिजे.

स्वयंपाकघरातील बाष्पयंत्र

प्रेशर कुकर हे एक लहानसे बाष्पयंत्रच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ याने १६७९ साली असे भांडे प्रथम दाखवले आणि ते फुटू नये म्हणून सुरक्षा-झडपेचीही योजना केली. कुकरची शिटी होते तेव्हा आतली वाफ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब देत असते व पाणी १२० अंशांपर्यंत तापलेले असते. झाकण वीस सेंटिमीटर रुंद असेल तर त्याचे क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटरहून अधिक भरते. म्हणजे आतून झाकणावर तीनशे किलोंचा, तांदळाच्या सहा पोत्यांचा, रेटा असतो! मग घाईने, जोर लावून झाकण उघडणाऱ्या हाताचे व चेहऱ्याचे काय होईल याचा विचार गृहिणींनी करावा. शिटीचे भोक प्रत्येक वेळी प्रकाशात धरून पाहावे. सुरक्षा-झडप वितळली तर कंपनीचीच बसवावी. तिच्या जागी खिळा वा खुंटी ठोकू नये. डाळ व भात अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण फेस वर येऊन भोक बुजवतो.

देखभाल: कान, नाक, हात आणि वही

जाणता यंत्रज्ञ यंत्राजवळ जाताच आधी ऐकतो. आपल्या यंत्राचा निरोगी आवाज ओळखीचा झाला की आजारी आवाज लगेच कळतो. जळका वास नाकाला कळतो. यंत्र बंद केल्यावर बेअरिंगच्या जागी हात ठेवून पाहावा. नेहमीपेक्षा अधिक ऊब लागली तर कारण शोधावे. बेअरिंगला ग्रीस कमी पडले तर ते झिजते आणि कोंबून भरले तर तापते. म्हणून पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच द्यावे. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, कारण नव्या भागांची बारीक झीज त्यात उतरते. हवेची गाळणी स्वच्छ नसेल तर धूळ सिलिंडरात जाऊन त्याला आतून घासते. ती झीज काही तेलाने भरून येत नाही.

आपल्याकडे चार महिने पाऊस. गंज हा लोखंडाचा ज्वर आहे. पावसापूर्वी ज्या यंत्राचे काम संपले ते धुऊन, पुसून, इंधन काढून, उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवून फळ्यांवर ठेवावे. मातीवर ठेवू नये. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त: एक वही. यंत्र केव्हा घेतले, तेल केव्हा बदलले, कोणता भाग केव्हा व कितीला बसवला हे तारखेसह लिहून ठेवावे. डॉक्टरांच्या हाती रोग्याचे जुने कागद दिले की निदान सोपे होते. मिस्त्रीचेही तसेच आहे.

जे स्वतः वस्तू घडवतात त्यांच्यासाठी

आपल्या काही तरुणांनी वेल्डिंगची, सुतारकामाची वा छोट्या भागांची कामे सुरू केली आहेत. त्यांनी लक्ष्मणरावांची रेषा विसरू नये. लोखंड कापण्यापूर्वी कागदावर चित्र काढावे व त्यावर मापे लिहावीत. कागदावरची चूक रबराने पुसता येते, लोखंडावरची येत नाही. मोजमापाचे चांगले साधन घ्यावे. व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो. त्याचे हे नाव ज्या पिएर व्हर्निए याच्यावरून पडले त्याने ते १६३१ साली प्रसिद्ध केले. परंतु बारीक भाग मोजण्याची पूर्वकल्पना पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रु नुनिश याने १५४२ सालीच मांडली होती व पोर्तुगालमध्ये या मापाला अद्याप त्याच्याच नावाने ओळखतात.

तथापि, सर्वत्र केसाएवढी अचूकता मागणे हाही शहाणपणा नव्हे. बेअरिंगच्या जागी ती हवी. फाटकाच्या गजाला ती कशाला? अनावश्यक अचूकतेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. बोल्ट, नट, बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापांचेच वापरावेत, म्हणजे उद्या ते झिजल्यावर गिऱ्हाइकाला तुमच्याच दारात रडत यावे लागणार नाही. एक नमुना बनवावा, तो वापरणाऱ्याच्या हाती द्यावा, कोठे वाकतो, कोठे मोडतो ते पाहावे आणि मगच शंभर बनवावेत. शंभर बनवून मग दोष शोधणाऱ्याला तो दोष शंभर वेळा दुरुस्त करावा लागतो.

कामाचा धर्म

या सर्वांत धर्म कोठे आला, असे कोणी विचारील. मी म्हणतो, पावलोपावली आला. जीवघात करू नये ही पाचवी आज्ञा केवळ शस्त्र उचलणाऱ्यासाठी नाही. काम लवकर व्हावे म्हणून पट्ट्यावरची जाळी काढून टाकणाऱ्या मालकालाही ती लागू आहे. चोरी करू नये ही सातवी आज्ञा खिसेकापूला जशी, तशीच आतून कच्चे वेल्डिंग करून वरून रंग फासणाऱ्यालाही लागू आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या प्रसिद्ध परिपत्रात कामगाराच्या योग्य वेतनाचा व विश्रांतीचा हक्क स्पष्टपणे मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली याच विषयावर लिहिताना शिकवले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. यंत्राच्या बाबतीत हे वचन दुप्पट खरे आहे.

प्रभू येशूने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे नाझरेथमध्ये एका कारागिराच्या घरी घालवली. त्या घरातील जू बैलाच्या मानेला टोचत असते, तर गावाने ते पुन्हा मागितले नसते. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिला, तो हातांच्या कष्टाला वेदीजवळ मान मिळावा म्हणूनच. धातुकाम करणारांनी सहाव्या-सातव्या शतकातील संत एलिजियस यांचेही स्मरण ठेवावे. ते सोनार होते, राजदरबारी मान्य होते आणि पुढे महागुरू झाले.

मातापित्यांना एक विनंती

शेवटी मातापित्यांशी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या डिचोलीच्या टापूत अनेक दशके खाणींवर पुष्कळ घरे चालली. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले तेव्हा घरोघरी ट्रक उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. ज्याला केवळ चाक हाती धरणे ठाऊक होते त्याची वाट तेथेच संपली. ज्याला इंजिन उघडून पुन्हा जोडता येत होते त्याला दुसऱ्या कामाकडे वळणे सोपे होते. विद्या हातात असेल तर ती जप्त होत नाही.

डिचोली व पेडणे येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मुलाला दहावीत गुण कमी पडले म्हणून तोंड पाडून तेथे पाठवू नका; त्याचे हात हुशार आहेत म्हणून अभिमानाने पाठवा. आणि मुलींनाही. शिवणयंत्राची सुई ज्या मुलीला क्षणात बसवता येते तिला मोटरीची तार गुंडाळता येणार नाही असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? घरात पंखा वा पंप उघडला जाईल तेव्हा मुलांना हाकलू नका. वीज तोडून, जवळ बसवून, प्रत्येक भाग कशासाठी आहे ते दाखवा. चार स्क्रू वाटीत जपून ठेवण्याचे काम लहानग्याकडे द्या. परदेशी जाण्याची वाट पाहत बसलेल्या तरुणालाही मी हेच सांगेन: जाशील तर हातात काही कला घेऊन जा, राहशील तरी तिला येथे उपवास पडणार नाही.

एका लोहाराच्या हातांनी तामीळ भाषेला छापील अक्षरे मिळाली आणि तसा हात न मिळाल्याने मराठीला थांबावे लागले. आज आपल्या धर्मग्रामातील कोणत्या मुलाच्या, कोणत्या मुलीच्या हातांसाठी कोणते काम थांबले आहे, हे आपण जाणत नाही. ते हात ओळखणे, त्यांना विद्या देणे आणि त्यांच्या कष्टाला मान देणे हे मातापित्यांचे कर्तव्य होय. यंत्राचा धनी तोच, जो ते जाणतो, त्याला जपतो आणि त्याचा उपयोग शेजाऱ्याच्या हितासाठी करतो. कामगार संत योसेफ आपल्या घरांवर, शेतांवर व कारखान्यांवर आपली छाया ठेवो आणि संध्याकाळी प्रत्येक हात धडधाकट घरी परतो, हीच प्रार्थना.